अश्वत्थाम्याची जखम आणि पडद्यावरील सूडवीर

पहाटे उठल्यावर सात चिरंजीवांचे स्मरण करण्याची आपल्या घरांतून चाल आहे. त्या सातांत पहिले नाव अश्वत्थाम्याचे. बळी, व्यास, हनुमंत, बिभीषण, कृपाचार्य आणि परशुराम ही पुढची नावे घेताना मन कोठे अडखळत नाही. पण ज्याने निजलेल्या द्रौपदीपुत्रांस ठार केले आणि उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडले, त्याचे नाव दिवसाच्या आरंभी, आणि तेही हनुमंताच्या आधी, का घ्यावे, हा प्रश्न आमच्याप्रमाणेच पुष्कळांनी लहानपणी वडीलधाऱ्यांस विचारला असेल. आम्हांस मिळालेले उत्तर एवढेच होते की, नाव घ्यावे आणि दात घासावयास जावे.

तो प्रश्न आज पुन्हा आठवण्यास एक निमित्त झाले आहे. आपल्या घरांतील तरुण मंडळी अमेरिकन ‘सुपरहीरो’ चित्रपट आवडीने पाहतात. उडणारे, पोलादी बाहूंचे, अंगात विजा खेळविणारे हे वीर मुलांस प्रिय असावेत यात नवल नाही. नवल आहे ते निराळेच. या वीरांच्या मेळाव्यात एक पात्र वारंवार असे येते की, ज्याचा चेहरा जळालेला किंवा कापलेला आहे, जो कायदा मानीत नाही, ज्याच्या मनात सूडावाचून दुसरा विचार नाही. आणि प्रेक्षक नेमके त्याच्याच बाजूला झुकतात. ‘हे काय भलतेच वेड’ असे म्हणून वडील मंडळी मान फिरवितात. आम्हांस ते योग्य वाटत नाही. ज्यांच्या प्रातःस्मरणात पहिले नाव अश्वत्थाम्याचे आहे, त्यांनी तरी या आकर्षणाचे मूळ आपणांस कळत नाही असे म्हणू नये. म्हणून या सूडवीराचा थोडा इतिहास पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

या पात्राचा वंश चित्रपटाहून जुना आहे. व्हिक्टर ह्यूगो या फ्रेंच लेखकाने १८६९ साली ‘हसणारा माणूस’ अशा अर्थाच्या नावाची कादंबरी प्रसिद्ध केली. तिचा नायक ग्विनप्लेन. लहानपणीच त्याचे तोंड अशा रीतीने कापण्यात आले की, तो जन्मभर हसतच दिसावा. आत दुःख असो वा संताप असो, ओठ आपले हसलेले. जत्रेत लोक त्याला पाहून पोट धरून हसतात. हा ग्विनप्लेन मनाने निर्मळ आहे. डीया नावाच्या आंधळ्या मुलीवर त्याचे प्रेम आहे, आणि डोळे नसल्यामुळेच तिला त्याचे खरे रूप दिसते. १९२८ साली पॉल लेनी याने अमेरिकेत या कथेवर चित्रपट काढला व कॉनरॅड व्हाइट या जर्मन नटाने ग्विनप्लेनची भूमिका केली. पुढे बारा वर्षांनी, १९४० साली, ‘बॅटमन’च्या चित्रकथांच्या पहिल्या अंकात ‘जोकर’ नावाचा खलपुरुष अवतरला, तेव्हा त्याचे रूप बेतताना व्हाइटचे हेच हसरे मुख उपयोगी पडले. ज्याच्यावर अत्याचार झाला त्याचे तोंड अशा रीतीने अत्याचाऱ्यास देण्यात आले. ह्यूगोने जे मुख दयेसाठी घडविले होते, ते पाहून मुले भिऊ लागली.

दुसरी शाखा पॅरिसच्या ऑपेरागृहाची. त्या नाट्यगृहाच्या तळघरात राहणाऱ्या ‘भुता’ची कथा गास्ताँ लरू याने १९०९ व १९१० या सालांत वर्तमानपत्रातून क्रमशः लिहिली. त्याचा नायक एरिक हा जन्मतःच कुरूप. आईला त्याचे मुख पाहवेना, म्हणून पहिला मुखवटा त्याला तिनेच दिला. १९२५ साली या कथेवर मूकपट निघाला व लॉन चेनी या नटाने ती भूमिका केली. चेनीचे आईबाप दोघेही मूकबधिर होते. वाचेवाचून मन उघडे करण्याची विद्या तो घरीच शिकला होता, आणि रंगभूषाही त्याची त्यानेच केली होती. नायिका मागून येऊन मुखवटा ओढते, तो प्रसंग आजही चित्रपटाच्या इतिहासात सांगितला जातो. या मूकपटात त्या मुखाचे कारण कोणी विचारीत नाही. शेवटी जमाव त्याला मारतो आणि नदीत फेकून देतो.

आता पुढील दोन चित्रपट पाहावेत, म्हणजे काळाबरोबर काय बदलले ते ध्यानात येईल. १९४३ सालच्या बोलपटात हा नायक म्हातारा होत चाललेला व्हायोलिनवादक आहे. आपण रचलेले संगीत प्रकाशकाने चोरले, अशी त्याची समजूत होते. ती चुकीची असते. त्या रागात तो प्रकाशकाचा गळा दाबतो आणि त्याच झटापटीत त्याच्या तोंडावर ॲसिड फेकले जाते. १९६२ साली इंग्लंडात निघालेल्या चित्रपटात मात्र संगीत खरोखरच चोरले गेले आहे. चोर एक धनाढ्य सरदार आहे, आणि आपली कृती छापली जाऊ नये म्हणून धडपडताना त्या गरीब संगीतकाराचे तोंड भाजते. पन्नास वर्षांत कथा कोठून कोठे आली! आधी व्यंग जन्माचे होते, मग ते गैरसमजातून आले, मग खऱ्या अन्यायातून. प्रत्येक पायरीवर प्रेक्षकाच्या मनातील भीती ओसरत गेली आणि त्या जागी कीव आली. आणि कीव आल्यावर सूडाला परवानगी देणे फार अवघड राहिले नाही.

मध्यंतरी युरोपाने असली मुखे प्रत्यक्ष पाहिली होती. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात खंदकातून डोके वर काढणाऱ्या सैनिकांच्या तोंडावर गोळ्यांचे व तोफांच्या तुकड्यांचे घाव बसत. २८ जून १९१९ रोजी व्हर्सायच्या तहावर सह्या झाल्या, तेव्हा तोंड छिन्नभिन्न झालेल्या पाच फ्रेंच सैनिकांस मुद्दाम तेथे आणून उभे करण्यात आले होते. जखम ही साक्ष आहे, हे त्या दिवशी राजकारणी पुरुषांनीही ओळखले होते. चेनीचा मूकपट पाहावयास आलेल्या प्रेक्षकांत असे चेहरे आपल्या घरी किंवा आपल्या गल्लीत पाहिलेली माणसे असणारच.

ही परंपरा सुपरहीरोच्या चित्रकथांत शिरली ती ऑगस्ट १९४२ मध्ये. त्या महिन्याच्या एका अंकात ‘टू-फेस’, म्हणजे दोन तोंडांचा, हे पात्र आले. हा मुळात सरकारी वकील. न्यायालयात तो एका गुंडाविरुद्ध खटला चालवीत असता तो गुंड त्याच्या तोंडावर ॲसिड फेकतो. अर्धे तोंड सुंदर राहते, अर्धे जळते. पुढे नाणे उडवून तो लोकांचे जीवनमरण ठरवितो. न्यायाचा रक्षक न्यायालयातच जखमी व्हावा आणि त्याने न्यायच सोडून द्यावा, ही कल्पना साधी असली तरी तीत बळ आहे. २००८ साली क्रिस्टोफर नोलन याने ‘द डार्क नाइट’ या चित्रपटात ती पुन्हा मांडली, तिचा विचार पुढे येईलच.

परंतु या साऱ्या वंशाचा गाभा ज्यात एकत्र सापडतो, तो चित्रपट १९९० सालचा ‘डार्कमन’ होय. सॅम रायमी या दिग्दर्शकास ‘द शॅडो’ या जुन्या मासिककथांतील वीरावर चित्रपट काढावयाचा होता. हक्क मिळाले नाहीत, तेव्हा त्याने आपला वीर आपणच निर्माण केला. त्याचा नायक पेटन वेस्टलेक हा भाजलेल्या माणसांसाठी कृत्रिम त्वचा तयार करू पाहणारा शास्त्रज्ञ. ही त्वचा अंधारात टिकते, पण उजेडात नव्याण्णव मिनिटांनी विरघळून जाते. ती नव्याण्णवची मर्यादा त्याला ओलांडता येत नाही. अशात एका भ्रष्ट व्यवहाराच्या कागदासाठी गुंड त्याच्या प्रयोगशाळेत शिरतात, साहाय्यकास ठार करतात आणि त्याला जाळतात. रुग्णालयात वेदना थांबावी म्हणून त्याच्या ज्ञानतंतूंचा मार्ग तोडला जातो. पुढे त्याला दुखत नाही, पण राग मात्र आवरत नाही. मग तो आपल्या शत्रूंचीच तोंडे त्या त्वचेतून तयार करून, ती लावून, एकेकाचा काटा काढतो. लियाम नीसन या नटाने ही भूमिका केली आहे.

या चित्रपटातील एक प्रसंग आम्हांस विशेष वाटतो. वेस्टलेक आपलेच जुने तोंड लावून प्रेयसीबरोबर जत्रेला जातो. नेम मारून तो एक खेळण्यातला गुलाबी हत्ती जिंकतो, पण दुकानदार नियमाचे निमित्त काढून तो देण्याचे नाकारतो. एवढ्याशा गोष्टीवर त्याचा तोल जातो आणि तो त्या दुकानदाराची बोटे मोडतो. आता, त्याला जाळणारा जो गुंडांचा म्होरक्या, त्याला लोकांची बोटे कापून जमविण्याची खोड आहे. सूड घेता घेता आपला नायक शत्रूच्या खोडीपर्यंत येऊन पोचला, आणि तेही कोणा शत्रूवर नव्हे, जत्रेतल्या एका क्षुल्लक माणसावर. त्याच क्षणी उजेडात त्याचे तोंड वितळू लागते. शेवटी शत्रू संपतात, प्रेयसी त्याला परत बोलावते, पण तो येत नाही. दुसऱ्याच कोणाचे तोंड लावून गर्दीत मिसळून जातो. सूड पुरा झाला आणि घर मात्र कायमचे गेले.

अशा पात्राचे लोकांना वेड का लागते? आमच्या मते याचे कारण क्रौर्याची आवड हे नाही. माणसाला आयुष्यात जे घाव बसतात, त्यांतले बहुतेक दिसत नाहीत. भावाने वाटणीत फसविले, चारचौघांत अपमान झाला, कचेरीत वर्षानुवर्षे डावलले गेले. हे कोठे दाखवावयाचे? अंगावर वळ नसतो आणि साक्षीदार उलटतात. पडद्यावरच्या या माणसाला मात्र साक्षीदार लागत नाही. त्याचे मुख हीच त्याची फिर्याद. ‘माझे असे झाले’ हे त्याला सांगावे लागत नाही, आणि पाहणाऱ्यास ते नाकारता येत नाही. ज्यांची फिर्याद कोणी ऐकली नाही, अशा असंख्य माणसांच्या मनातील गोष्ट तो आपल्या कातडीवर वागवितो. एवढ्यापुरते हे आकर्षण निर्मळ आहे, किंबहुना ते न्यायबुद्धीचेच एक रूप आहे.

घोटाळा होतो तो पुढच्या पावलाला. जखम ही साक्ष असते. सूडवीर तिला निकाल समजतो. आपणांस किती दुखले, एवढ्यावरून आपण किती दुखवावे याचा हक्क त्याने ठरविलेला असतो. आणि कथा नीट सांगितलेली नसली, तर प्रेक्षकही नकळत त्या हिशेबावर सही करतो. ‘द डार्क नाइट’मध्ये जोकर आपल्या तोंडावरच्या व्रणांची हकीकत दोनदा सांगतो, आणि दोन्ही वेळा ती निराळी असते. एकदा बापाने तोंड कापले म्हणतो, एकदा बायकोसाठी आपणच कापून घेतले म्हणतो. जखम दाखवून दया मिळविता येते, हे त्याला पक्के ठाऊक आहे. नोलनने येथे प्रेक्षकालाच सावध केले आहे असे आम्हांस वाटते.

आता अश्वत्थाम्याकडे वळू. त्याची फिर्याद खोटी नव्हती. द्रोणाचार्यांस अर्धसत्य सांगून शस्त्र खाली ठेवावयास लावले गेले आणि निःशस्त्र बसलेल्या त्या वृद्धाचा धृष्टद्युम्नाने शिरच्छेद केला. हा अधर्म होता, हे व्यासांनी झाकून ठेवलेले नाही. सौप्तिकपर्वात वडाखाली बसलेल्या अश्वत्थाम्याला झोप लागत नाही. घुबडाने रात्री निजलेले कावळे मारलेले त्याला दिसतात आणि तेथेच त्याचा बेत ठरतो. कृपाचार्य त्याला परोपरीने सांगतात की, रात्र जाऊ दे, वडीलधाऱ्यांचा विचार घेऊ. तो ऐकत नाही. मग शिबिरातील ती रात्र, आणि तिच्या पाठोपाठ गर्भावर सोडलेले अस्त्र.

येथे एक भेद लक्षात घ्यावा. पडद्यावरील सूडवीराला जखम आधी होते आणि सूड नंतर येतो; म्हणून जखम सूडाचे समर्थन करते. अश्वत्थाम्याचा सूड आधी, जखम नंतर. जन्माबरोबर आलेला मस्तकावरचा मणी त्याला द्यावा लागतो, आणि पू व रक्ताच्या दुर्गंधीसह तीन हजार वर्षे एकट्याने भटकण्याचा शाप श्रीकृष्ण त्याला देतात. ज्याला मन आतून सडलेले कोणास दाखविता आले नसते, त्याचे मन शापाने कपाळावर आणून ठेवले. महाभारताने त्याची साक्ष पूर्ण ऐकली, पण निकाल त्याच्या हाती दिला नाही. आणि सूड कोठे जाऊन थांबतो, हेही तेथे स्पष्ट दिसते: बापाच्या मृत्यूपासून निघालेला सूड शेवटी दुसऱ्याच्या मुलापाशी जातो. ‘द डार्क नाइट’मधील तो जळक्या तोंडाचा वकीलही शेवटी काय करतो? ज्याला तो दोषी मानतो, त्या पोलीस अधिकाऱ्याच्या लहान मुलाच्या डोक्याला पिस्तूल लावून तो नाणे उडवितो. या चित्रकारांनी सौप्तिकपर्व वाचले असेल असे आम्ही म्हणत नाही. सूडाची वाटच तशी आहे.

श्रीमद्भागवतात या प्रसंगाला आणखी एक अंग आहे. अर्जुन अश्वत्थाम्याला दोरीने बांधून द्रौपदीपुढे आणतो, तेव्हा जिची पाचही मुले गेली ती द्रौपदी म्हणते की, याला सोडा. मी रडते तशी याची आई रडू नये. या जगात सर्वांत मोठी जखम त्या घटकेला तिची होती, आणि तिने त्या जखमेवरून सूडाचा हक्क सांगितला नाही.

येथवर कथेतील मुखांविषयी झाले. परंतु या विषयात खरी माणसेही गुंतलेली आहेत, आणि त्यांचा विचार न करता लेख संपविणे बरे होणार नाही. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा १७९२ च्या लढाईच्या सुमारास टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभराने पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतील एका माणसाने त्याच्या कपाळाचे कातडे खाली वळवून त्याला नवे नाक करून दिले. ती हकीकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात चित्रासह छापली गेली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या शस्त्रवैद्याने १८१४ साली इंग्लंडात तसाच प्रयोग यशस्वी केला. सुश्रुताने सांगितलेली विद्या अशा रीतीने एका गरिबाच्या हातून युरोपास पोचली, आणि पुढे १९१७ साली सिडकप येथे उघडलेल्या रुग्णालयात हॅरल्ड गिलिस याने सैनिकांची तोंडे पुन्हा घडविली, तेव्हा तिचाच विस्तार झाला. कावसजीने पुढे टिपूचा सूड घेतला की नाही, हे कोणी विचारीत नाही. त्याच्या जखमेतून जगाला एक विद्या मिळाली, हे पुरेसे आहे.

आपल्या काळातील उदाहरणही असेच आहे. २००५ साली दिल्लीत लक्ष्मी अग्रवाल या पंधरा वर्षांच्या मुलीच्या तोंडावर ॲसिड फेकले गेले. तिने पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. २०१३ साली न्यायालयाने ॲसिडच्या विक्रीवर निर्बंध घातले. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन हा स्वतंत्र गुन्हा ठरला व त्याला किमान दहा वर्षांची शिक्षा नेमली गेली. ज्या ॲसिडाने पडद्यावर खलनायक जन्मतात, त्याच ॲसिडाने येथे एक फिर्यादी उभी केली. तिच्या आयुष्यावर बेतलेला ‘छपाक’ हा चित्रपट २०२० साली निघाला. २०१८ साली ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने, ज्यांत खलनायकाचे दुष्टपण चेहऱ्यावरील व्रणांनी दाखविले असेल अशा चित्रपटांस आपण पैसा देणार नाही, असे जाहीर केले. या निर्णयाची कोणी थट्टाही करील. परंतु भाजलेल्या तोंडाने शाळेत जाणाऱ्या मुलाला शेजारचे मूल खलनायकाच्या नावाने हाक मारते, तेव्हा त्याला ग्विनप्लेनचे दुःख पुन्हा भोगावे लागते. आपल्या देवळांच्या पायऱ्यांशी बसणाऱ्या महारोग्यांकडे आपण कसे पाहत आलो, त्यांच्या व्यंगाला गतजन्मीचे पाप म्हणून कसे मोकळे झालो, हेही या ठिकाणी आठवावे. शाप एका अश्वत्थाम्याला होता. आपण तो प्रत्येक जखमी कपाळावर वाचीत बसलो.

अखेरीस २०२४ सालच्या ‘कल्की २८९८ एडी’ या तेलुगू चित्रपटाचा उल्लेख केला पाहिजे. नाग अश्विन यांच्या या चित्रपटात अमिताभ बच्चन अश्वत्थामा झाले आहेत. आपला देशी सूडवीर सुपरहीरोंच्या पंगतीत येऊन बसला खरा, पण तो आला तो सूड सोडून. ज्याने एकदा गर्भावर अस्त्र सोडले, तोच हजारो वर्षांनंतर एका गर्भवतीचा पाठीराखा होतो, कारण तिच्या उदरी कल्की आहे. पुराणात ही कथा नाही. तथापि लोकमनाने अश्वत्थाम्याविषयी जे मनात धरले आहे, त्याच्याशी ती विसंगत नाही. बऱ्हाणपूरजवळच्या अशीरगडावर तो पहाटे महादेवाच्या पूजेस येतो असे तिकडील लोक सांगतात. नर्मदेच्या परिक्रमेत तो कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागतो, असे इंदूरकडील मंडळी आजही सांगतात. या गोष्टींत त्याच्या हाती शस्त्र नसते. तो तेल मागतो, आणि ज्याने ते दिले त्याला काही शिक्षा झाल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

लहानपणीच्या प्रश्नाचे उत्तर आता आम्हांस थोडेसे सापडल्यासारखे वाटते. पहाटे त्याचे नाव घ्यावयाचे ते त्याच्या सूडाला मान देण्यासाठी नव्हे. दिवस सुरू होताना आपल्यापाशीही एखादी जखम असते आणि तिच्यावरून कोणाचा तरी हिशेब चुकता करण्याचे मनात असते. त्या वेळी हे नाव ओठांवर असलेले बरे. घरातील मुलगा जळक्या तोंडाच्या त्या वीराची गोष्ट उत्साहाने सांगू लागला, तर त्याला गप्प बसवू नये. ती ऐकून घ्यावी, आणि मग त्याला वडाखालच्या त्या रात्रीची गोष्ट सांगावी.